वरळीच्या चाळीत, बहिष्काराच्या दिवसांत

भोंगवलीकर, पिशवी घट्ट धरा. एसटीनं पुणं झालं, रेल्वेनं दादर झालं, आणि आता तुम्ही वरळीच्या बीडीडी चाळीच्या जिन्यात उभे आहात. जानेवारी १९७४. पाय जपून टाका, रात्रपाळी करून आलेला कुणीतरी इथंच आडवा झालाय.

खोली १६० चौरस फुटांची. माणसं मोजू नका, निम्मी पाळीवर आहेत. ती आली की ही उठणार आणि त्याच वळकटीवर ती पसरणार. स्टोव्हचं रॉकेल, भाजलेले बोंबील, सामाईक संडासाचा दर्प, गिरणीतून केसांत बसून आलेला कापूस, सगळं एकाच श्वासात घ्या. नाक मुरडू नका, यजमान बघतायत. ताटात दुष्काळातली तीच तांबडी मिलो ज्वारी, तीही रांग लावून मिळालेली.

शेजारच्या चाळीत हेच हाल. भोंगा तोच, नळावरची भांडणं तीच. तरी ‘आपली’ चाळ वेगळी, ‘त्यांची’ वेगळी. यजमानांच्या वडिलांना गिरणीच्या साचेखात्यात घेत नसत. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. चांगला पगार नेमका तिथलाच. गर्दीनं माणूस चिडतो खरा. पण चिडून दगड कुणाच्या खिडकीवर मारायचा, हे मला वाटतं जातच सांगते.

५ तारखेला संध्याकाळी आंबेडकर मैदानात चला. घामेजलेल्या खांद्यांतून वाट काढा. माईकवर दलित पँथरची पोरं आहेत. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, भाषा मात्र अस्सल मुंबईची. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूरच्या बावड्यात, गावानं बौद्धांवर बहिष्कार टाकला होता. आता ही पोरं म्हणतायत, इथल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर आपण बहिष्कार टाकू. गावानं उगारलेली काठी हिसकावून उलटी धरलीय! अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या काळ्या माणसांनीही बसवर बहिष्कार टाकून महिनोन्‌महिने पायपीट केली होती.

दगड आला! खाली वाका. पाठोपाठ पोलिसांच्या लाठ्या, मग अश्रुधूर. डोळे चोळू नका, ओलं फडकं लावा आणि पळा.

पाच दिवसांनी परळमध्ये निषेधाच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि पँथरचे भागवत जाधव गेले. बहिष्कार मात्र टिकला. काँग्रेसचे रामराव आदिक ती पोटनिवडणूक हरले.