रग, शीर आणि नस : पायांतल्या रक्तवाहिन्या कशा काम करतात, कशा बिघडतात

आपल्या औसा-लातूर भागात ‘नस’ हा एकच शब्द दहा ठिकाणी चालतो. कंबरेतून पायात कळ गेली की नस दबली, रात्री पोटरीत गोळा आला की नस चढली, हातावर निळी रेघ दिसली तर तीही नसच. दवाखान्यात घोटाळा इथूनच सुरू होतो. कंबरेतून जाणारी कळ मज्जातंतूची असते, पोटरीतला गोळा स्नायूचा. हा लेख तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे: शरीरातले रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर. अरबी-उर्दूत वरीद, घरात रग. सूरह काफच्या उर्दू तर्जुम्यांत ‘शहरग’ शब्द येतो, तो मानेतल्या मोठ्या रगेसाठी.

धमनी हृदयातून रक्त बाहेर नेते, शीर परत आणते. शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून त्याला अशुद्ध म्हणायची पद्धत आहे. फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरा याला अपवाद, त्यांत शुद्ध रक्त असते. (परीक्षेत मुले हमखास इथेच चुकतात.) कोणत्याही क्षणी अंगातले निम्म्याहून जास्त रक्त शिरांमध्येच असते.

अडचण पायांची आहे. तिथून रक्ताला वर चढायचे असते आणि हृदयाचा दाब तोपर्यंत संपत आलेला असतो. म्हणून शिरांच्या आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. चालताना पोटरी आवळते, रक्त वर ढकलले जाते. पोटरी सैल पडली की झडप मिटते आणि रक्त खाली येत नाही. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यामुळेच.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. तेराव्या शतकात इब्न नफीस यांनी लिहिले की हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूला जाते. शिरांच्या झडपांवर फॅब्रिशियसचे पुस्तक 1603 चे, आणि संपूर्ण रक्ताभिसरण विल्यम हार्वेने 1628 मध्ये मांडले. सगळे श्रेय इब्न नफीस यांना देणारे मेसेज फिरतात, ते बरोबर नाहीत. त्यांचे खरे काम तसेही मोठे आहे. कुर्तुबाच्या अल-जहरावी यांनी पायाच्या फुगलेल्या शिरांच्या ऑपरेशनचे वर्णन हजार वर्षांपूर्वी केले. युनानी हकीम ज्या रगेला ‘साफिन’ म्हणत, तिलाच आज डॉक्टर सॅफेनस म्हणतात.

झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. हाच व्हेरिकोज व्हेन्सचा आजार. दिवसभर उभे राहणारे, म्हणजे हॉटेलचे कामगार, न्हावी, दुकानदार, आम्ही शिक्षक, शिवाय बाळंतपणे झालेल्या बाया आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे असे लोक, यांना तो जास्त होतो. संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याला सूज, खाज, मग घोट्यावरची कातडी काळपट, आणि शेवटी महिनोन्‌महिने न भरणारी जखम. आपल्या बायका पाय दाखवायला लाजतात आणि जखम होईपर्यंत गप्प राहतात. गरज वाटल्यास लेडी डॉक्टर मागा, पण दाखवा. डॉप्लर सोनोग्राफीत झडपा कुठे गळतात ते कळते. लेसर, इंजेक्शन, ऑपरेशन असे उपाय आहेत. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात सर्जरी विभागात विचारावे. हिजामाने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, आणि फुगलेल्या शिरेवर चीर दिली तर रक्त लवकर थांबत नाही. अशी शीर फुटलीच तर माणसाला आडवे करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने दाबून ठेवा आणि दवाखान्यात न्या.

खरा धोका मात्र आतल्या शिरेत गाठ होण्याचा आहे. एकाच पायाला अचानक सूज, पोटरी दुखते, पाय गरम आणि लाल. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखते, जीवही जातो. म्हणून अशा पायाला मालिश करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर माणूस वाचतो. मोठे ऑपरेशन, कॅन्सर, लांबचा प्रवास आणि बाळंतपण ही याची मोठी कारणे. बाळंतिणीला चाळीस दिवस खाटेवरून उतरू न देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे: विश्रांती हवी, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात चालणेही हवे. हजला जाणाऱ्या बुजुर्गांचा लातूर ते मुंबई रात्रभराचा प्रवास, त्यावर विमानाचे पाच-साडेपाच तास. मधूनमधून उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावे.

मूळव्याध, म्हणजे बवासीर, हाही गुदाजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचाच आजार. पण शौचातून रक्त जाण्याची कारणे इतरही असतात, तेव्हा तपासल्याशिवाय जाहिरातीतली औषधे घेऊ नयेत.

व्हेरिकोजसाठी डॉक्टर घट्ट मोजे देतात. शुगर असेल किंवा बिडी-सिगारेटची सवय असेल तर आधी धमन्या तपासून घ्याव्या लागतात. मोजे सकाळी सूज येण्याआधी घालायचे असतात, आणि पाच वेळच्या वुजूत ते काढणे-घालणे जड जाते म्हणून पुष्कळ लोक आठवड्यात सोडून देतात. जखमेच्या पट्टीवरचा मसह आणि मोज्यावरचा मसह हे दोन वेगळे मसले आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे.