आधी निदान, मग मलम

बहुतेक आजार शरीराच्या आत लपलेले असतात. त्वचेचा आजार मात्र रोग्याला, घरच्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही एकाच वेळी दिसतो, म्हणून अंगावर पुरळ उठले की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी ‘उष्णता झाली’ म्हणते, कोणी ‘रक्त बिघडलंय’ म्हणते, कोणी कपाटातली अर्धी वापरलेली ट्यूब काढून देते. पण दिसणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. खाजणारे पुरळ आणि फोड ओळखायला शिकवणाऱ्या या शास्त्राच्या दारात आलेल्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत, मग तो वैद्यकाचा विद्यार्थी असो, गावातल्या आशाताई असोत की रात्रभर खाजवून बेजार झालेला वाचक असो.

या शास्त्राची घडी बसवली ती रॉबर्ट विलन या इंग्लिश डॉक्टराने. १७९८ पासून लंडनमध्ये भागाभागाने निघालेल्या ग्रंथात त्याने त्वचारोगांचे आठ वर्ग पाडले. त्यासाठी त्याने कसोटी एकच ठेवली, ती म्हणजे डोळ्यांना काय दिसते. सपाट डाग, उंचवटा, कोंडा सुटणारा चट्टा, पाण्याची पुटकुळी, मोठा फोड, पुवाची पुळी अशी ती प्रतवारी होती. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते, तरी ही शिस्त आजवर टिकली आहे. आपल्याकडे तिला एक जोड द्यावी लागते. पाठ्यपुस्तकांतली बरीच चित्रे गोऱ्या कातडीवरची असतात. तिथे ठळक दिसणारी लाली सावळ्या अंगावर तपकिरी, जांभळट किंवा काळपट दिसते. लाल नाही म्हणजे दाह नाही, असे मानून चालत नाही.

पाहण्याच्या जोडीला विचारणे येते. कुठे खाजते, केव्हा खाजते आणि घरात आणखी कोणाला खाजते, हे तीन प्रश्न खरजेइतके क्वचितच कुठे उपयोगी पडतात. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, कंबर आणि जांघेचा भाग, रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढणारी खाज आणि घरातली दोन-तीन माणसे खाजवणारी, एवढे जुळले की निदान बरेचसे झालेच. बेचकीवर भिंग धरले तर काही मिलिमीटर लांबीची नागमोडी, करडी रेघ दिसते. ते खरजेच्या किडीचे बीळ. मादी अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. त्वचेचा अगदी वरचा थर पोखरत ती पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. इटलीत बोनोमोने १६८७ मध्ये चेस्तोनीच्या साथीने या किडीचे वर्णन प्रसिद्ध केले. वैद्यकाला ते पटायला मात्र १८३४ साल उजाडले. त्या वर्षी कोर्सिका बेटावरून आलेल्या रेनुची या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये सर्वांदेखत सुईच्या टोकावर कीड काढून दाखवली. ही हातोटी त्याने कोर्सिकातल्या खेडवळ बायकांना पाहून उचलली होती.

किडीचा जीवनक्रम कळला की उपचाराचे नियम आपोआप उलगडतात. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे घरात जो अजून खाजवत नाही, त्याच्याही अंगावर कीड असू शकते. म्हणून पर्मेथ्रिनचे ५ टक्क्यांचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांनाही लावायचे, ८ ते १४ तासांनी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. कीड मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यासाठी औषध पुन्हा पुन्हा चोपडण्यात अर्थ नाही.

खरजेला ठरावीक जागा असतात, तर गजकर्णाला ठरावीक आकार असतो. गजकर्णाची कड उठलेली, कोंडा धरलेली असते आणि मधला भाग निवळत जातो. हा बुरशीचा आजार. कडेचा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बुरशीचे धागे दिसतात. आपल्याकडे मात्र ही साधी तपासणी होण्याआधीच दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम घरी येते. स्टेरॉइडने दाह दबतो, खाज थांबते, रोगी खूश होतो. पण आत बुरशीला रान मोकळे मिळते. कड पुसट होते, चट्टे पसरतात आणि पुढे अनुभवी डोळ्यालाही ओळख पटेनाशी होते. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण फार चिवट झाले आहे. नेपाळी आणि भारतीय रुग्णांत सापडलेल्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. तिचे अनेक वाण टर्बिनाफिन या हुकमी औषधालाही दाद देत नाहीत. तेच स्टेरॉइड इसबावर नेमक्या मात्रेत, नेमके दिवस वापरले तर उत्तम गुण देते. दोष औषधाचा नसतो, ते निदानाआधी लावण्याचा असतो.

इसबाचे कारण शोधणे हाही या अभ्यासाचा मोठा भाग आहे, आणि त्यातले एक प्रकरण थेट महाराष्ट्रात घडले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात गाजर गवताकडे प्रथम लक्ष गेले. पुढे पापण्या, मान आणि कोपराच्या खळगीत खाजणारे, लस येणारे चट्टे घेऊन माणसे दवाखान्यांत येऊ लागली. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या गवताचा आणि त्या इसबाचा संबंध शास्त्रीय नियतकालिकात मांडला. गवताचे सुके कण वाऱ्याबरोबर उडून उघड्या अंगावर बसतात आणि त्यातले पार्थेनिन ज्यांना सोसत नाही त्यांची त्वचा पेटते. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढायच्या आणि पुढेही एक-दोन दिवस पाहायचे, ही यादासोनने १८९५ मध्ये मांडलेली चाचणी अशा वेळी कामी येते.

फोडांच्या बाबतीत वेळेला किंमत आहे. नागिणीत अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात पाण्याचे फोड येतात, आणि बरेचदा त्याआधी दोन-तीन दिवस तिथे आग आणि ठणका असतो. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो, तोच उठतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही भीती अजून घरोघरी आहे. विषाणू एकाच मज्जातंतूच्या वाटेने येतो, त्यामुळे फोड सहसा मध्यरेषेशीच थांबतात. गेरूच्या लेपात आणि मंत्रांत पहिले ७२ तास निघून जातात, आणि विषाणूरोधक गोळ्यांचा खरा गुण तर त्याच तासांत असतो. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तोंडातले व्रण आठवडेच्या आठवडे भरत नसतील आणि अंगावर लुळे, सहज फुटणारे फोड येत असतील, तर पेम्फिगसचा विचार करावा लागतो. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती त्वचेच्या पेशींमधले बंध तोडते. स्टेरॉइड येण्याआधी हा रोग बहुधा प्राणच घेई. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात औषध ठरावीक अंतराने मोठ्या मात्रेत देण्याची पद्धत रुजवली आणि भारतातल्या असंख्य रुग्णांना तिचा आधार झाला.

या विषयात शिरणाऱ्याने एवढे पक्के धरावे. फोड फोडू नये, नखे कापलेली ठेवावीत, खाजेवर गार ओल्या कापडाची घडी ठेवावी. नव्या औषधानंतर ताप आला, तोंड सोलवटले किंवा पुरळ उठले, किंवा अंगावर गांधी उठून ओठ सुजले, दम लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. आणि फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, तिथे स्पर्शही कळत नाही, असे दिसले तर निश्चिंत राहू नये. तो कुष्ठरोग असू शकतो आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वाचकांना एकच विनंती आहे: नाव न कळलेल्या पुरळावर दुकानातून आणलेले मलम लावू नका. आधी उजेडात नीट पाहा, तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर जुळले नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.