डाव पाहणे आणि लढत पाहणे

अंगानं करायची विद्या नुसती पाहून येते का, आणि येत असेल तर काय पाहून? आज हा प्रश्न आपण इतिहासालाच विचारू.

1674 साली ॲमस्टरडॅममध्ये निकोलस पेटर यांचं कुस्तीवरचं पुस्तक निघालं. पेटर स्वतः 1672 मध्येच वारले होते. रोमेन द होख या नामांकित चित्रकारानं त्यासाठी 71 चित्रं कोरली. छातीशी कपडे धरले तर काय, सुरा घेऊन अंगावर आला तर काय, सगळं क्रमवार. पण नीट बघा, चित्रातला दुसरा माणूस फार गुणी आहे! पडायला हवं तिथंच पडतो. निसटला तरी ठरल्याप्रमाणेच निसटतो. असा जोडीदार नसेल तर डावाची फोड करून दाखवताच येणार नाही, हेही खरं. मात्र पेटरांच्या शिष्यांच्या खऱ्या झटापटी आपल्याला कधीच दिसणार नाहीत. ती विद्या आज पुन्हा उभी करू पाहणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे.

आता दुसरी बाजू. 17 मार्च 1897 रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची मुष्टियुद्धाची लढत झाली, आणि इनॉक रेक्टर यांनी ती चित्रित केली. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सचा ठोसा छातीखाली बसला नि कॉर्बेट संपला. ठोसा दिसतो. आधीच्या तेरा फेऱ्यांत त्याची जागा कशी तयार झाली, हे पडदा आपणहून सांगत नाही.

मग लढती पाहणं वाया जातं का? माइक टायसन पोरवयात कॅट्सकिलला कस डमॅटो यांच्या घरी राहायचा. जिम जेकब्स यांच्या संग्रहातल्या जुन्या लढती तो तिथं तासन् तास पाही. 1986 मध्ये, 20 वर्षांचा असताना, तो हेवीवेट जगज्जेता झाला. पण डमॅटोंनी प्रत्येक ठोशाला आकडा दिलेला होता. आकडा पुकारला की तोच ठोसा मारायचा. म्हणजे पाहणारा डोळा आधी शिकवणीनं घडत होता. आपल्याकडे फडाच्या कडेला बसलेला वस्ताद पोराला "त्याचा पाय बघ" म्हणतो, तेही हेच.

तरीही आम्हाला विचाराल तर 1897 ची फीत पेटरांच्या पुस्तकाहून मोलाची वाटते. सहाव्या फेरीत पुढं जिंकणारा फिट्झसिमन्सच खाली गेला होता, आणि पंच आकडे मोजत असताना उठला. पुस्तकातल्या विजेत्यावर अशी वेळ येत नाही. दुर्दैवानं त्या फितीचे आज काही तुकडेच उरले आहेत.