राष्ट्रपतीची निवड : घटनासमितीतील एक वाद

भारताच्या राष्ट्रपतीची निवड प्रौढ मताधिकाराने सर्व जनतेने करावी, की जनतेने निवडलेल्या प्रतिनिधींनी करावी, हा प्रश्न घटनासमितीपुढे दोनदा आला : जुलै १९४७ मध्ये संघघटना समितीच्या अहवालाच्या निमित्ताने आणि डिसेंबर १९४८ मध्ये मसुद्यावरील चर्चेत. दोन्ही वेळा कौल अप्रत्यक्ष निवडणुकीस मिळाला. त्यामागील युक्तिवादांची छाननी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रत्यक्ष निवडणुकीचा आग्रह प्रा. के. टी. शहा यांनी धरला. सार्वभौमत्व जनतेचे असेल, तर राष्ट्रप्रमुखाचा अधिकारही थेट जनतेकडूनच यावयास हवा. एरवी तो बहुमतवाल्या पक्षाच्या हातातील बाहुले ठरेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. शहांना सत्ताविभाजनाचे तत्त्व मान्य होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या सूचनेतील सुसंगती स्पष्ट होते.

विरोधी पक्षाची कारणे दोन प्रकारची होती. मतदारांची संख्या प्रचंड आहे आणि एवढी निवडणूक पार पाडण्यास यंत्रणा अपुरी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी सांगितलेले कारण व्यावहारिक होते. दुसरे तात्त्विक : सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती राहणार असताना कोट्यवधी मतांनी निवडलेल्या पुरुषास नामधारी ठेवणे विसंगत ठरेल, असे पंडित नेहरूंनी १९४७ सालीच मांडले होते.

यांपैकी पहिले कारण अल्पायुषी ठरले. १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद होऊन मतदान झाले. दुसरे कारण मात्र अधिक खोल जाते. १९५० च्या घटनेतील ७४ व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळाने राष्ट्रपतीस सल्ला द्यावा, एवढेच म्हटले होते. तो सल्ला बंधनकारक असल्याचे शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. मधल्या २६ वर्षांत राष्ट्रपतिपदाची मर्यादा सूचित करणाऱ्या तरतुदींत निवडणुकीच्या पद्धतीचे स्थान महत्त्वाचे होते. फ्रान्समध्ये १८४८ साली थेट लोकमताने अध्यक्ष झालेल्या लुई नेपोलियनने १८५१ साली विधिमंडळच बरखास्त केले, हे उदाहरण येथे बोलके आहे.

तथापि पद्धतीचा हा धाक स्वयंपूर्ण नव्हता. संसद आणि राज्यांच्या विधानसभा यांतील निर्वाचित सदस्यांचा निर्वाचकगण, लोकसंख्येच्या प्रमाणात ठरणारे आमदाराच्या मताचे मूल्य व संक्रमणीय मतपद्धती यांमुळे राष्ट्रपतीस एका अर्थी पंतप्रधानाहून विस्तृत पाया लाभतो. राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेला आहे काय, हा प्रश्न डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी १९६० साली जाहीरपणे उपस्थित केला, तो काही अकारण नव्हे.

तात्पर्य, मतदान कोणी करावे हा प्रश्न वस्तुतः दुसरा आहे. निवडलेल्या व्यक्तीने काय करावयाचे, हा पहिला. शहा आणि त्यांचे विरोधक यांचा खरा मतभेद या पहिल्या प्रश्नाविषयी होता. त्याचे उत्तर टाळून दुसऱ्याचा निर्णय करू पाहणारी चर्चा निष्फळच ठरावयाची.