एडिसनची बॅटरी आणि 'ई-२'चा स्फोट

आज चार्जिंगची गोष्ट आहे, पण मोबाईलच्या नाही, बोटीच्या.

१८३८ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला मोरिट्झ याकोबी याने नेवा नदीवर विजेची बोट चालवून दाखवली. काम भारीच, पण त्याच्या बॅटरीतलं जस्त संपलं की खेळ खलास! ती पुन्हा चार्ज होत नव्हती. चार्ज होणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने केली, १८५९ मध्ये. शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक ॲसिड. आजही गाडीत, मच्छीमार बोटीत जी जड बॅटरी दिसते, तिची ही खापरपणजी.

चार्ज करताना आत काय होतं? वीज आधी पट्ट्यांवरचं रसायन पूर्वीसारखं करते. ते काम संपत आलं की जास्तीची वीज पाणी फोडायला लागते आणि हायड्रोजन, ऑक्सिजन बाहेर पडतात. उघड्या होडीवर वारा त्यांना घेऊन जातो. पण पाणबुडीत? तिथे खाली विजेवरच चालायचं, म्हणजे पोटात टनावारी बॅटऱ्या. आणि हवेत हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला, की एक ठिणगी पुरते.

पाणबुडीवाल्यांना त्याहून जास्त धास्ती होती क्लोरीनची. खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडमध्ये शिरलं की हा विषारी वायू तयार होतो. इथे थॉमस एडिसन पुढे आला. त्याच्या निकेल-लोखंडाच्या बॅटरीत ॲसिडच नव्हतं, अल्कली होती. ॲसिड नाही, तर क्लोरीनचा प्रश्नच मिटला! अमेरिकन नौदलाने ती 'ई-२' या पाणबुडीत बसवली.

१५ जानेवारी १९१६. पाणबुडी न्यूयॉर्कच्या नेव्ही यार्डमध्ये उभी होती, म्हणजे बुडालेलीसुद्धा नव्हती. बॅटरीची चाचणी चालू होती. अचानक मोठा स्फोट झाला. निदान चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. कारण हायड्रोजन.

मग सुरू झाली तू तू मैं मैं. एडिसनच्या बाजूचं म्हणणं, हवा खेळती ठेवली नाही, आमची बॅटरी चांगलीच आहे. खरं सांगायचं तर हा बचाव मला लंगडा वाटतो. निकेल-लोखंडाची बॅटरी चार्ज होताना भरपूर हायड्रोजन सोडते, हे तिच्या स्वभावातच आहे. बंद डब्यात बसवायची वस्तू विकताना क्लोरीनबद्दल मोठ्याने बोलायचं आणि या वायूबद्दल हळू आवाजात, हे कसं चालेल? नौदलाने शेवटी शिशाची बॅटरीच ठेवली.

आता तुमच्या ओळखीत कुणाची होडी असेल तर हे ऐकाच. पाणी घालायची १२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज होते. ती भरली की चांगला चार्जर स्वतःच व्होल्टेज उतरवतो. साधा चार्जर तसाच चालू राहिला, तर पाणी उडत जातं आणि वायू साठतो. म्हणून चार्जिंगच्या वेळी बॅटरीच्या खोक्याचं झाकण उघडं हवं. हायड्रोजन हलका, तो वरच जातो. जवळ विडी-सिगारेट नको. चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद करा, कारण ठिणगी नेमकी तिथेच उडते. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि अर्धवट चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवू नका, पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती बॅटरी धड चार्जच होत नाही.

'हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं' असं कुणी म्हणेल. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला आपल्या 'आयएनएस सिंधुरक्षक' पाणबुडीत आग लागली आणि एक नौसैनिक गेला. नौदलाला कारण सापडलं ते बॅटरीचा बिघडलेला व्हॉल्व्ह. तिथून हायड्रोजन गळत होता.