शहरातल्या बाया काय मागत आल्या

अल्लीपूरच्या आमच्या बचत गटाचं हे बोलणं आहे. बोलायला एक बसली असली तरी बोलणं सगळ्यांचं आहे. मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली आणि गोष्ट निघाली ती प्रवासाची.

आमच्यातली एक जण सासूला घेऊन नागपूरला मेडिकलला जाऊन आली होती. पहाटे निघाली ती रात्री परतली. दिवसभरात तिनं किती पाणी प्यावं? अर्धा गिलास. "पाणी पेलं का जागा शोधा लागते बाई, म्हणून मी पेतच नाही," ती म्हणाली. यावर कोणी हसलं नाही, कारण आम्ही सगळ्या तेच करतो. वावरात निंदायला गेलो तर पऱ्हाटीचा आडोसा तरी असतो. शहरात तोही नाही. दुसरीनं विचारलं, "मंग तिथल्या बाया काय करतात? त्याईले तर रोजच जा लागते." या प्रश्नावरून आम्ही शोधायला लागलो. गटातल्या शिकलेल्या मुलींनी जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं चाळून दिली. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यात राहून गेलेल्या माणसापासून करू. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले ते १९३६ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९१७ साली, त्यांनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल एक लांबलचक पत्र लिहून छापायला दिलं होतं. दक्षिण आफ्रिकेतून परत आल्यापासून ते मुद्दाम तिसऱ्या वर्गानं फिरत होते. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांच्या डब्यावर २२ माणसांची पाटी होती, आणि आत पस्तीसपर्यंत माणसं भरली होती. काही जण घाणीतच खाली आडवी झालेली, काही उभी. संडास कसा होता, तिथं पाणी होतं की नाही, वाटेत चहा कसा मिळाला, सगळं त्यांनी लिहिलं आहे. एवढा मोठा माणूस संडासाबद्दल लिहितो याचं आम्हाला आधी नवल वाटलं. मग जाणवलं की त्यांनी नुसतं 'फार गर्दी होती' असं लिहिलं नाही. पाटीवर किती आणि डब्यात किती, हे त्यांनी मोजलं. हे मोजणं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता मुंबईकडे जाऊ. आपल्या देशातली प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे मुलांच्या पुस्तकात असतं. पण ती आणण्यासाठी गावातल्या माणसांनी आधी खटपट केली होती, हे कमी सांगितलं जातं. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८४५ सालीच त्यासाठी मंडळी जमवली होती. म्हणजे रेल्वे ही फक्त साहेबाच्या डोक्यातून निघाली नाही. अर्थात ते शेटसावकार होते, त्यांचं सरकारदरबारी ऐकलं जाई. आम्हाला शोधायच्या होत्या त्या बाया, आणि बायांचं नाव कागदावर यायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

आम्हाला सगळ्यात जवळची वाटली ती मृणाल गोरे यांची गोष्ट. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. लग्नानंतर पतीसोबत, म्हणजे केशव गोरे यांच्यासोबत, गोरेगावात राहून काम करू लागल्या. १९५८ साली केशवराव गेले. लहान मुलगी पदरात. तरी काम थांबलं नाही.

आणि हे ऐका. आज ज्याला आपण मुंबईचं गोरेगाव म्हणतो, तिथं तेव्हा ग्रामपंचायत होती! मृणालताईंची पहिली निवडणूक ग्रामपंचायतीची. आपल्यातल्या ज्या सदस्य झाल्या आहेत, त्यांच्यासारखीच. १९५७ साली ही उपनगरं महापालिकेत गेली आणि १९६१ साली त्या नगरसेविका झाल्या. गाव शहरात गेलं, पण नळ काही गावाच्या मागोमाग आला नाही. वस्त्या वाढत होत्या, माणसं कामासाठी कोकणातून, घाटावरून, कुठून कुठून येत होती. पाणी भरायचं बाईनंच. पहाटे उठून रांगेत भांडं लावायचं, पाणी आलं तर आलं. मृणालताईंनी या बायांना हंडे घेऊनच बाहेर काढलं. रिकामे हंडे घेऊन बाया मोर्च्याला जात. कागदावरचा अर्ज साहेब फाईलखाली सारू शकतो, शंभर रिकामे हंडे कुठे सारणार? लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले, ते नाव मरेपर्यंत राहिलं. पाण्यासोबत त्या संडासासाठीही भांडत होत्या, पण 'संडासवाली बाई' असं नाव काही कोणी ठेवलं नाही. पाण्याचं बोलायला लाज वाटत नाही, दुसऱ्या गोष्टीचं बोलायला वाटते. साठ वर्षांनंतरही आमच्या बैठकीत तेच होतं.

मग आलं १९७२ साल. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना अजून ती लाल मिलो ज्वारी आठवते, तिची भाकर कशी तुटायची ते त्या हातानं करून दाखवतात. तिकडे मुंबईत तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या आणि महागाईविरुद्ध संयुक्त समिती केली. एक समाजवादी, एक कम्युनिस्ट, आणि तरी एका मोर्च्यात. घराघरांतून बाया थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणं मोर्चा तो हाच. ज्या बाया कधी सभेला गेल्या नव्हत्या त्याही आल्या, कारण आणायचं हत्यार स्वयंपाकघरातच होतं. १९७७ साली मृणालताई खासदार झाल्या, इंदिराबाई हरल्या, तेव्हा लोक म्हणत होते, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' आमच्या गटाला ही घोषणा फार आवडली. एकदोघींना मात्र आवडली नाही, त्या अजून इंदिराबाईंना मानतात. असू द्या.

पाण्याचा झगडा मृणालताईंबरोबर संपला नाही. पुढे मुंबईत 'पाणी हक्क समिती' झाली. अनधिकृत झोपडपट्टी म्हणून ज्यांना नळ देत नव्हते त्यांच्यासाठी ती कोर्टात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, झोपडी अनधिकृत असेल, पण त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही.

आता गाडीची गोष्ट. मुंबईच्या लोकलमध्ये बायांचे वेगळे डबे खूप आधीपासून आहेत. पण नोकरीला जाणाऱ्या बाया वाढल्या आणि डबे तेवढेच राहिले. घरून निघताना नवऱ्याचा डबा, लेकरांचा डबा, सासऱ्याची गोळी, आणि मग दारात लटकून प्रवास. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी पूर्ण बायांची गाडी सुटली. अख्खी लोकल फक्त बायांसाठी! जगातली ही अशी पहिलीच, असं रेल्वेवाले सांगतात. पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. त्या गाडीत बाया भाजी निवडतात, मटार सोलतात, नवरात्रात एकाच रंगाच्या साड्या नेसून येतात, असं आम्ही वाचलं. वाचायला छान वाटतं. पण आमच्यातली एक म्हणाली, "गाडीत मटार सोलते म्हणजे घरी जाऊन तिलाच रांधायचं आहे ना?" तेही खरंच. गाडी मिळाली, पण कामाची वाटणी होती तशीच राहिली. आणि ठरावीक वेळेला धावणारी बायांची गाडी चुकली की मग पुन्हा नेहमीची चेंगराचेंगरी. तरीसुद्धा, आमच्या मते, त्या एका गाडीनं एक गोष्ट पक्की केली. रेल्वेचं वेळापत्रक बाईच्या दिवसाकडे बघून करता येतं.

आता जी गोष्ट बोलायला लाज वाटते तिच्याकडे. २०११ साली मुंबईत 'कोरो' ही संस्था आणि इतर अनेक संस्थांनी मिळून एक मोहीम काढली. नावच ठेवलं 'राइट टू पी', म्हणजे सरळ मराठीत मुतण्याचा हक्क. नाव ऐकून माणसं बिचकली, आणि बिचकावीत म्हणूनच ते ठेवलं असावं. कारण काय होतं? शहरात पुरुषांना मुतारी फुकट होती. बाई गेली की तिच्याकडून पैसे घेत. ती आत जाऊन दार लावते, म्हणून ती संडासच वापरते असं धरायचं आणि पैसे मागायचे! दिवसातून दोनतीनदा जायचं म्हटलं तर मजुरीतला किती भाग त्यातच जाणार? म्हणून बाया पाणी पीत नव्हत्या. लघवीची जळजळ, ताप, मुतखडा, हे सगळं त्याच्या मागून येतं. रस्त्यावर भाजी विकणारी, घरकाम करणारी, कचरा वेचणारी, सगळ्यांचं एकच.

या बायांनी काय केलं? मोजलं. वस्तीवस्तीत, ठेसनाठेसनावर जाऊन पाहिलं की मुताऱ्या किती, पुरुषांच्या किती, बायांच्या किती, दाराला कडी आहे का, पाणी आहे का, दिवा आहे का, पैसे घेतात का. सगळं लिहून घेतलं. हजारो सह्या गोळा केल्या आणि महापालिकेच्या दारात गेल्या.

इकडे पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' नावाचं मासिक आहे, विद्या बाळ यांनी १९८९ साली काढलेलं. आपण ज्या मासिकात हे वाचत आहात तसंच, बायांचं. त्या मासिकाच्या नावानं उच्च न्यायालयात याचिका गेली की शहरांत बायांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल आला. न्यायालयानं म्हटलं की हा बाईच्या सन्मानानं जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि महापालिकांनी त्यासाठी समित्या नेमून आराखडे करावेत. आराखडा झाला म्हणजे मुतारी झाली असं नाही, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या साधीला अर्धा गिलास पाण्यावर दिवस काढावा लागला तो या निकालानंतर कितीतरी वर्षांनी. तरी आता कोणी 'ही काय मागायची गोष्ट आहे का' म्हणालं तर सांगायला एक कागद आहे.

पुण्याची आणखी एक गोष्ट आमच्या कामाची आहे. तिथल्या महापालिकेनं २००६ पासून लोकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. दरवर्षी अर्ज भरायचा, आमच्या भागात हे करा. बसथांब्याला छत, फूटपाथ, बाकडं, दिवा, स्वच्छतागृह, अशी लहान लहान कामं. त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे राखून ठेवायचे. ऐकून वाटलं, ही तर आपली ग्रामसभाच! आपल्याकडे तर कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती खरंच होते की नुसत्या रजिस्टरवर सह्या होतात, ते आपापल्या गावात प्रत्येकीला ठाऊक आहे.

एसटीचं म्हणाल तर पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला धावली. मुलींना शाळेसाठी फुकट पास आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट झालं. त्या दिवसापासून आमच्या गावातल्या बाया जास्त बाहेर पडू लागल्या हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. माहेरी, दवाखान्यात, बाजारात, पैशासाठी घरच्यांपुढे हात न पसरता. पण बाया जास्त निघाल्या तशा थांब्यावर जास्त बसू लागल्या, आणि थांबा होता तसाच आहे.

म्हणून आम्हीही आता मोजतो आहोत. बारावीतल्या एका मुलीकडे वही दिली आहे. सकाळच्या दोन तासांत थांब्यावर किती बाया, किती मुली, गाडी किती उशिरा आली, कोणाजवळ लहान लेकरू होतं, कोणी बसायला जागा नसल्यानं उभी राहिली. पहिले दोन दिवस माणसांनी विचारलं, "काय लिहून ऱ्हायली व?" तिनं सांगितलं, "अभ्यास आहे." तिसऱ्या दिवशी एका आजीनं स्वतःहून येऊन नाव लिहायला सांगितलं आणि उन्हाची तक्रारही लिहायला लावली.

महिला सभेत स्वच्छतागृहाची मागणी ठेवायची, इथपर्यंत आमचं एकमत आहे. जागेवर मात्र अडलं आहे. तरुण मुली म्हणतात, थांब्याच्या मागे हवं, समोर असलं तर सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागतं. मोठ्या बाया म्हणतात, मागे अंधार आहे, संध्याकाळी तिकडे कोणी जाणार नाही, समोर दिव्याखालीच हवं. मंगळवारी पुन्हा बसणार आहोत, या वेळी थांब्यावरच, जागा पाहत.