लघवीची साक्ष

श्रोतेहो, ज्या विषयाचे नाव काढताना घरोघर आवाज खाली येतो, तो आज आम्ही भर सभेत घेतला आहे. शाळेत करंगळी वर करून ‘एकी’ म्हणावे, मोठेपणी ‘लघुशंका’ म्हणावे, हा आपला शिष्टाचार. तो चांगलाच, परंतु वैद्यापुढेही तो पाळला तर माणूस काय गमावून बसतो, हे इतिहासाला विचारावे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी हा संकोच केला नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे 20 प्रकार सांगितले आहेत. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही खूणही चरकसंहितेत नोंदलेली आहे. सुश्रुताने प्रमेही दोन जातींचे मानले: एक जन्मतःच रोग घेऊन आलेला, कृश व तहानलेला, दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, स्थूल व निद्राप्रिय. प्रयोगशाळा नव्हती, होती ती उघड्या डोळ्यांची नजर.

पश्चिमेकडे ग्रीक वैद्य अरिटीअस याने, या रोगात जणू मांसच वितळून मूत्रावाटे वाहते, असे वर्णन केले. सतराव्या शतकात इंग्लंडच्या टॉमस विलिसने मूत्राची चव मधासारखी असल्याचे लिहिले. ती गोडी कशाची, हे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने 1776 साली प्रसिद्ध केले. त्याचा एक रोगी दिवसाकाठी 28 पाइंट, म्हणजे भरली कळशी म्हणावी इतकी, लघवी करीत असे. डॉब्सनने ती आटवली, तेव्हा तळाशी साखर उरली. पुढे 1889 साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. ते कुत्रे वारंवार मुतू लागले. तपासले तो मूत्रात साखर! रोगाचे मूळ सापडले.

त्यावरील औषध मात्र त्यानंतर 30 वर्षांहून अधिक काळ मिळाले नाही. तोवर या रोगाने गाठलेले मूल महिन्या-दोन वर्षांत झिजून जाई. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. पहिली मात्रा पुरेशी शुद्ध नव्हती. थोड्याच दिवसांत शुद्ध केलेली मात्रा दिली आणि मुलगा सावरला. त्याला आणखी 13 वर्षांचे आयुष्य लाभले.

येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ‘पाणी फार पितो, म्हणून सारखा जातो,’ असे घरची मंडळी म्हणतात. मधुमेहात गाडी उलट चालते. रक्तातील साखर दर 100 मिलिलिटरला सुमारे 180 मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. तहान लागते ती त्यामुळे. अशा रोग्याचे पाणी तोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

परंतु वारंवार जावे लागले म्हणजे मधुमेहच, असे मानून कोणी घाबरू नये. थंडीचे दिवस, चहाचे जास्त पेले, परीक्षेची धास्ती, गर्भारपण, रक्तदाबाची काही औषधे, ही नित्याची कारणे आहेत. उतारवयात रात्री एकदा उठणे विशेष नव्हे. मात्र पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढली तर लघवी थेंबथेंब व वारंवार होते. उन्हाळी लागली तर धने-जिऱ्याचे पाणी घ्यावे. पण जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, तर जंतूंचा उपद्रव समजून डॉक्टर गाठावा. गर्भवतीने तर दोन दिवसही थांबू नये.

तेव्हा नुसते ‘किती वेळा’ मोजू नका. ‘किती’ आणि ‘सोबत काय’ तेही पाहा. न शमणारी तहान, उतरणारे वजन, आजवर कोरडे निजणारे मूल अंथरूण भिजवू लागणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी साखर तपासावी. लघवीत रक्त, ताप व कंबरेत कळ, किंवा लघवी अजिबात अडणे, यांतही विलंब करू नये.

लेनर्डच्या आधीच्या मुलांपाशी औषध नव्हते. आपल्यापाशी ते आहे. मग केवळ लाजेपायी कोणी ते गमवावे काय?